घामाची साक्ष

मराठीत घाम नुसता येत नाही. तो सुटतो, फुटतो, निथळतो, टिपला जातो, गाळला जातो आणि प्रसंगी समोरच्याचा काढलाही जातो. भीतीने दरदरून फुटणारा घाम वेगळा, उन्हाने डबडबणारा वेगळा आणि कष्टाने गाळला जाणारा तिसराच. पहिल्या दोहोंना आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही, तिसऱ्याला आहे. 'निढळाचा घाम' या शब्दप्रयोगातले निढळ म्हणजे कपाळ, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. घामाची भाकर म्हणजे काय, हे मात्र आमच्या भागातल्या कोणत्याच विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

शब्दाचे मूळ पाहू गेल्यास आणखी एक गोष्ट हाती लागते. संस्कृतात घामाला नेमका शब्द आहे 'स्वेद'. 'घर्म' म्हणजे मुख्यतः ऊन, उष्मा. हिंदीच्या बोलींत 'घाम' अजूनही उन्हालाच म्हणतात. मराठीत हा शब्द उन्हातून माणसाच्या अंगावर उतरला आणि कारणाचे नाव कार्याला मिळाले. अलंकारशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी याला लक्षणा म्हणतील. लक्षणा कवितेत शोभून दिसते. एखाद्याने तिच्यावर अक्षरशः विश्वास ठेवला आणि तो विश्वास अंगात घालून तो पळू लागला, तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

धाराशिवला हातलाईच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे फिरायला जाण्याची आम्हांला अनेक वर्षांची सवय आहे. या रस्त्यावर भल्या पहाटे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक आमच्यासारखी, डॉक्टरांनी सांगितले म्हणून चालणारी. दुसरी, भरतीसाठी पळणारी. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक, जे निघेल ते. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही आणि जमिनीचे तुकडे वाटणीत संपत आले आहेत, तिथे पळणे हा पोटाचा प्रश्न असतो. अलीकडे या पळणाऱ्या मुलांपैकी काहींच्या अंगावर भर उन्हाळ्यात रेनकोट दिसू लागले. कुणाच्या पोटाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला आणि वरून जाड जर्किन. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्याकडे मोबाइलवरून मागवलेला काळा चकाकणारा 'सौना सूट', नाही तर कमरेला रबरी पट्टा. मुलीही जर्किन घालून पळतात, गळ्यापर्यंत चेन ओढून आणि चेहऱ्याला स्कार्फ बांधून. त्यांचे कारण बहुधा वेगळे असते. त्यांना चरबी जाळायची नसते, रस्त्यावरच्या नजरा टाळायच्या असतात. उकाडा मात्र कारण विचारत नाही.

त्या मुलांमध्ये आमचा एक विद्यार्थी होता. मराठी विषय घेऊन एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. एप्रिलमधल्या एका सकाळी, आठ वाजून गेले असताना, तो रेनकोट घालून समोरून आला. आम्ही त्याला थांबवून विचारले, "काय रे, पाऊस कुठं पडायलाय?"

"सर, पाऊस आतच पडायलाय," तो म्हणाला. त्याने बाही उलटी केली, तर कोपरातून पाण्याची धार लागली. ती दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो उत्तम गुण मिळालेल्या माणसाचा होता. "घाम निघाला की चरबी निघती, सर. रोज किलोभर उतरतंय. काट्यावर बघितलं मी."

काट्यावर बघितले होते, हे खरेच. म्हणून त्याला हसण्यावारी नेणे आम्हांला जमले नाही. शिवाय त्याचा समज काही मोबाइलवर जन्मलेला नाही. त्याला दीर्घ परंपरा आहे. आयुर्वेदाने स्वेद हा मेदधातूचा मल मानला आहे. म्हणजे मेद आणि घाम यांची सोयरीक आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय घाम काढण्याच्या उपचारांचा आहे. अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगून झाल्यावर त्यात अग्नीविना घाम काढण्याचे दहा उपाय येतात: व्यायाम, उबदार घर, जड पांघरूण, भूक, बहुपान, भय, क्रोध, उपनाह म्हणजे पोटीस बांधणे, युद्ध आणि ऊन. जड पांघरुणाला तिथला शब्द आहे 'गुरुप्रावरण'. सौना सुटाला याहून चांगला मराठी प्रतिशब्द आम्हांला सुचत नाही.

पण ही यादी पुन्हा वाचताना आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. वैद्याने हे उपाय रोग्याला पाहून, तोलून वापरायचे आहेत. फाजील घाम काढल्याने तहान, दाह आणि मूर्च्छा येते, हेही त्याच अध्यायात बजावले आहे. आमच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांपैकी व्यायाम, गुरुप्रावरण, भूक आणि ऊन हे चार उपाय एकाच वेळी चालवले होते. वयोमर्यादा ओलांडली जाण्याचे भय धरले तर पाच.

घाम नेमके काय काम करतो, हे समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्या जिल्ह्यातले तेर पुरेसे आहे. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. २०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबादेत ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव होते. थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोणते मडके कच्चे आणि कोणते पक्के हे सांगणारा हा कुंभार. त्याच्या व्यवसायातला साधा माठ घ्या. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरते, माठाच्या अंगावर ओल धरते आणि उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्याने वाळते. वाळताना ते आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. एक लिटर पाणी असे वाळले, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. जुन्या माठाची छिद्रे बुजली की तो पाणी गार करत नाही, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. पावसाळी दमट हवेत नवा माठही फारसे गार करत नाही, हेही.

आता या माठाला प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा. माठ पाझरायचा थांबणार नाही. कागद आतून ओला होईल, खाली पाणी साचेल. पाणी मात्र कोमटच राहील. आमच्या विद्यार्थ्याच्या कोपरातून लागलेली धार हे ते साचलेले पाणी. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ही उष्णता अंगाबाहेर नेण्यासाठी घाम येतो आणि ती तो वाळतानाच नेतो. रेनकोटाच्या आत तो वाळत नाही. मग शरीर आणखी घाम सोडते, तोही वाळत नाही. जास्त घाम आला म्हणजे जास्त कष्ट झाले, असे धावणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात शरीर हाका मारत असते आणि उत्तर येत नाही म्हणून ओरडू लागते.

काट्यावरच्या किलोचे काय? तो किलो पाण्याचा. तांब्याभर पाणी प्यायले की तो परत येतो. आणि तांब्याभर पाण्याने परत येते ती चरबी नव्हे. हिशेब अगदी सोपा आहे. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने साठ किलोकॅलरी लागतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे ती संपवायला सव्वाशे किलोमीटरहून अधिक धावले पाहिजे, धाराशिवहून सोलापूरला जाऊन जवळपास परत येण्याइतके. उकाड्यात हृदयाचे ठोके वाढतात, खर्चही किंचित वाढत असेल. परंतु जीव लवकर घाबरा होतो, वेग पडतो, धावणे आटोपते आणि मिळवलेले बहुधा तिथेच हरवते.

मग चरबी जाते तरी कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा हिशेब मांडला होता. दहा किलो चरबी शरीराने जाळली, तर तिच्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबीचा खरा निचरा नाकातोंडावाटे होतो, आणि तो कुणाला दिसत नाही. घाम दिसतो, पिळता येतो, मोजता येतो, सरांना दाखवता येतो. साक्षीदार म्हणून न्यायालयात त्याचीच वर्णी लागणार! आमच्या मते सारी गफलत इथे आहे.

घाम काढून वजन उतरवण्याची खरी गरज ज्यांना पडते, ते मल्ल. तेही चरबी जाळत नाहीत, हे त्यांना पक्के माहीत असते. काट्यावरच्या दोन मिनिटांसाठी ते अंगातले पाणी गहाण टाकतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये दहा वजनगट आहेत, ऑलिंपिकमध्ये सहाच. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले ते ६१ किलो गटात. हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे ५७ नंतर एकदम ६५. मधल्या वजनाच्या माणसाने एक तर खाली उतरायचे, नाही तर आपल्याहून भारी माणसाशी लढायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचल्या. रात्रभर व्यायाम, सौना, अन्नपाणी बंद, शेवटी केसही कापले. तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मरण पावले. तिघेही वाफ बाहेर न सोडणारे सूट घालून उकाड्यात व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेने असे सूट आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदी घातली.

आपल्या तालमीची रीत याच्या नेमकी उलट होती, हे इथे नोंदवले पाहिजे. तालमीतला पोशाख म्हणजे लंगोट. सगळे अंग उघडे, वर लाल माती. जत्रेतल्या कुस्तीत जोड लावायची ती नजरेने; काट्याचा संबंध नव्हता. जुने ते सगळे शहाणपणाचे होते, असा आमचा दावा नाही. पण पैलवानाला गुंडाळून ठेवावे असे कोणा वस्तादाला वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली, तेव्हा गावोगावची पोरे ती पाहायला लोटली होती. त्यांतली काही परत गेली ती वजन उतरवण्याच्या गोष्टी ऐकून. मल्लाची युक्ती अशी आखाड्यातून रस्त्यावर आली. तिच्यामागची अट, म्हणजे वजनगट, मागेच राहिली. पोलीस भरतीत वजनाला गुण नाहीत. पुरुषांना १,६०० मीटर धावायचे असते आणि पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत धावले तर वीसपैकी वीस गुण. अंगातले पाणी शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांनी जरी घटले, तरी धावण्याची ताकद मंदावते. म्हणजे रेनकोट गुण वाढवत नाही, कमी करण्याचीच शक्यता अधिक.

हे सगळे आम्ही त्याला सांगितले होते. त्याने आदराने ऐकून घेतले आणि तो पुढे पळाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पळता पळता लडखडला आणि असंबद्ध बोलू लागला. बरोबरच्या मुलांनी आधी त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला. ते त्याला गिळता येईना. त्यांतल्या एका मुलीने रेनकोट फाडून काढला, सावलीत निजवले, जवळच्या हॉटेलातून पाण्याचा जार आणून त्याच्या अंगावर ओतला आणि दोघांनी रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घातला. पुढे दवाखान्यात दोन दिवस सलाइन लागले. डॉक्टरांनी सांगितले की वाचला तो त्या पाण्यामुळे आणि पुठ्ठ्यामुळे. शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेले आणि मेंदू गोंधळला की तो उष्माघात. मग एकेक मिनिट मोजावे लागते. त्या मुलीने पोरक्या झालेल्या घामाचे काम पाण्याने आणि वाऱ्याने केले होते. तिला हे कोणी शिकवले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "शिकवायला कशाला पायजे, सर? म्हैस उन्हानं बसली की आम्ही हेच करताव."

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत आणि तिच्यानंतर काही तरुणांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या अंगावर प्लॅस्टिक नव्हते. पण समुद्रकाठची दमट हवा हेही एक गुरुप्रावरणच असते. त्या हवेत घाम वाळत नाही. आमच्या बालाघाटावरच्या कोरड्या हवेत निसर्गाने घाम वाळण्याची उत्तम सोय करून ठेवली आहे, आणि नेमकी तीच आपण रेनकोटाने बंद करतो.

उन्हाचा सराव करणे ही स्वतंत्र आणि खरी गोष्ट आहे, हेही सांगितले पाहिजे. आठवडा-दोन आठवडे हळूहळू उकाड्यात काम वाढवत नेले की शरीर बदलते: घाम लवकर येऊ लागतो, जास्त येतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. खेळाडूंचे प्रशिक्षक आणि सैन्यदले याचा मोजूनमापून उपयोग करतात. पण त्यासाठी पाणी, विश्रांती आणि लक्ष ठेवणारे माणूस लागते. शिवाय आमच्या विद्यार्थ्यांना या सरावाची गरज किती, हाही प्रश्न आहे. त्यांतले अनेक जण सुट्टीत बापाबरोबर शेतात राबतात आणि काहींचे आईबाप भूम, वाशी, कळंब या भागांतून दर हिवाळ्यात ऊसतोडीला जातात.

आमचा हा विद्यार्थी त्यांपैकीच. ऊस तोडणाऱ्या बाया साडीवरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, उसाची पाने कापू नयेत म्हणून. डोक्याला फडके घट्ट बांधलेले. मार्चमध्ये हंगाम संपत येतो तेव्हा ऊन चढलेले असते, आणि सदरा काढता येत नाही. दवाखान्यात त्याची आई उशाशी बसली होती. रेनकोटाची हकीकत तिला समजेना. ती पुनःपुन्हा विचारत होती, "पण ह्यानं घातला कशाला? ह्याला कुणी घाला म्हणलं?" घामाचे मोल तिला आमच्याहून जास्त ठाऊक होते. तिची मजुरी टनावर मिळते; किती घाम गेला हे मुकादम विचारत नाही.

जून उजाडल्यावर वर्ग भरला. ग्रामीण आणि कामगार साहित्यावरचा तास होता. घाम, श्रम, भाकर या शब्दांची साखळी फळ्यावर लिहिली, तेव्हा तोच विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, पुस्तकातला घाम वाळत का नाही?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न मनात राहिला. आपल्या साहित्याने घामाला साक्षीला उभे केले ते योग्यच केले. ज्यांचे कष्ट कोणी पाहत नव्हते त्यांच्या वतीने बोलायला काहीतरी दिसणारे हवे होते. मात्र साक्षीदार म्हणजे कष्ट नव्हेत. साक्षीदारच गोळा करत बसले की फळीवरचे व्यायामाचे पट्टे विकणाऱ्याचे फावते आणि पळणाऱ्या पोराचा जीव जातो. हा शब्द शिकवताना त्याचा हा अर्थही शिकवावा, असे आता आम्हांला वाटते: घाम ही साठवण्याची नव्हे, वाळून जाण्याची गोष्ट आहे.

तो विद्यार्थी आता पहाटे पाचला, सुती बनियनवर पळतो. पाण्याची बाटली रस्त्याकडेच्या लिंबाखाली ठेवलेली असते. १,६०० मीटरची वेळ अजून पाच मिनिटे तीस सेकंद आहे. वीस सेकंद कमी करायचे आहेत, आणि त्यासाठी पुढच्या भरतीपर्यंत पळायला त्याची हरकत नाही.